अनारसा, खसखस आणि नोकरी

दिवाळीला अनारसा हवाच, आणि अनारशाला खसखस! पण हीच खसखस अमेरिकेत नोकरीवर गदा आणील, असे सांगितले तर आमच्या गृहिणी हसतील. खसखस अफूच्याच बोंडातली. तिला मॉर्फीनचा अंश चिकटलेला असतो. तो खाणाऱ्याच्या लघवीत उतरतो.

१९८६ साली अध्यक्ष रेगन यांनी सरकारी नोकरांना अमली पदार्थ वर्ज्य केले आणि लघवीची तपासणी सुरू झाली. आधी मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमची होती. खसखशीचा पाव खाणारे निर्व्यसनी लोकही तीत सापडत, म्हणून १९९८ साली ती २००० केली गेली. २०२३ साली तर लष्कराने जवानांना खसखस टाळायलाच बजावले.

खोटे पकडणाऱ्या यंत्राचीही तीच गत. निरपराध माणसाची छातीही भीतीने धडधडते! १९८८ च्या कायद्याने बहुतेक खाजगी मालकांना ते यंत्र बंद झाले.

तपासणी नको, असे कोण म्हणेल? वैमानिक शुद्धीवर हवाच. पण 'काल काय खाल्ले होते?' असे विचारणारा डॉक्टरही हवा. तिथल्या सरकारी नियमांत तो आहे, हे बरे.

मुलगा तिकडे असेल आणि तपासणी जवळ आली असेल, तर डब्यातले अनारसे त्याला चार दिवस उशिराच खाऊ द्या!