संकेतस्थळाचे स्थलांतर : एका निर्णयाची मीमांसा

विद्यापीठीय विभागांची संशोधनपत्रे, नियतकालिके आणि सूची आज बहुतांशी संकेतस्थळांवरून वाचली जातात. अशा संकेतस्थळाच्या आयुष्यात आठ-दहा वर्षांनी एक प्रश्न हटकून उभा राहतो : ज्या प्रकाशनप्रणालीवर ते उभे आहे तीच पुढे चालवावी, की सर्व साहित्य नव्या प्रणालीवर हलवावे? वरवर पाहता हा प्रश्न तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो संपादकांचा आणि अभ्यासकांचा आहे; कारण स्थलांतरात काय टिकते आणि काय नष्ट होते यावर पूर्वी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाची उपलब्धता अवलंबून असते. या निर्णयात कोणत्या गोष्टी तोलाव्या लागतात याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. संकेतस्थळ म्हणजे नेमके काय?

निर्णयाची चर्चा पुष्कळदा पानांच्या रूपरंगापासून सुरू होते. रूप हा संकेतस्थळाचा सर्वांत अल्पायुषी भाग होय. त्याखाली चार निरनिराळ्या गोष्टी असतात : लेखांचा मजकूर, लेखक, अंक, वर्ष, विषय इत्यादी वर्णनात्मक माहिती, प्रत्येक लेखाचा पत्ता, आणि या तिहींचा व्यवहार सांभाळणारी प्रणाली. यांपैकी प्रणाली तेवढी बदलावयाची असते, उरलेल्या तीन गोष्टी जशाच्या तशा पलीकडे न्यावयाच्या असतात. ग्रंथालयाने नवी कपाटे घेतली म्हणून ग्रंथांचे दाखलांक बदलत नाहीत. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र कपाटाबरोबर दाखलांकही बदलण्याचा धोका असतो, आणि या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे.

२. स्थलांतर केव्हा अटळ ठरते?

जुनी प्रणाली केवळ जुनी आहे हे स्थलांतराचे पुरेसे कारण नव्हे. पुरेशी कारणे प्रामुख्याने तीन संभवतात.

पहिले कारण सुरक्षिततेचे. जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली द्रुपल या प्रणालीची सातवी आवृत्ती असंख्य संस्थांनी वापरली. तिचा अधिकृत आधार, मुदत अनेकदा वाढवून, अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे संकेतस्थळ त्या दिवशी बंद पडते असे नव्हे; परंतु त्यानंतर सापडणाऱ्या दोषांची अधिकृत दुरुस्ती थांबते आणि जोखीम दिवसागणिक वाढत जाते. या उदाहरणात आणखी एक बोध आहे. २०१५ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीची अंतर्गत रचना इतकी वेगळी होती की सातवीवरून आठवीवर जाणे ही साधी सुधारणा न राहता प्रत्यक्ष स्थलांतरच ठरले. तेव्हा ‘त्याच प्रणालीची नवी आवृत्ती’ हा पर्यायही तपासून घ्यावा लागतो.

दुसरे कारण मालकीचे आणि अटींचे. मुव्हेबल टाइप ही प्रणाली २००१ मध्ये आली आणि लवकरच लोकप्रिय झाली. मे २००४ मध्ये तिच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी बदलल्या; विनामूल्य वापरात लेखकांच्या व संकेतस्थळांच्या संख्येवर बंधन आले. त्यामुळे तिच्या अनेक वापरकर्त्यांनी २००३ मध्ये सुरू झालेल्या, मुक्त परवान्याच्या वर्डप्रेस प्रणालीची वाट धरली. येथे प्रणालीत तांत्रिक दोष नव्हता. परावलंबनाची किंमत तेवढी एकाएकी दिसून आली.

तिसरे कारण आश्रयदात्याच्या निर्णयाचे. १९९४ मध्ये सुरू झालेली जिओसिटीज ही सेवा याहू कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतली व ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली. तीवरील पानांचा काही भाग इंटरनेट आर्काइव्ह आणि स्वयंसेवकांचे गट यांनी जतन केला. उरलेला नाहीसा झाला. दुसऱ्याच्या जागेवर फुकट बांधलेल्या घरासंबंधी जी सावधगिरी बाळगावी, तीच येथेही लागू पडते.

यांपैकी एकही कारण उपस्थित नसेल, तर केवळ नवे रूप हवे म्हणून स्थलांतर करणे इष्ट नव्हे. रूप बहुधा आहे त्याच प्रणालीत बदलता येते.

३. पत्त्यांचे स्थैर्य

टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, उत्तम पत्ता तोच जो बदलत नाही. आणि पत्ते बदलण्याची कारणे तांत्रिक नसून नियोजनाच्या अभावाची असतात. पुढील काळाने या प्रतिपादनाची यथार्थता पटवून दिली. झिट्रेन, अल्बर्ट व लेसिग यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारे ५० टक्के दुव्यांवर मूळ संदर्भित मजकूर सापडत नव्हता. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि तत्सम कायदेविषयक नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दशकानंतर उपलब्ध नव्हती. अविचाराने केलेली स्थलांतरे हे या हानीचे एक कारण होय.

हानी टाळण्याचा उपाय साधा असला तरी कष्टाचा आहे. जुना पत्ता मागितला असता सर्व्हर ‘३०१’ या क्रमांकाचे उत्तर देऊन वाचकाला नव्या पत्त्यावर नेऊ शकतो. हे उत्तर कायमच्या बदलाचे असते. ‘३०२’ हे तात्पुरत्या बदलाचे. शोधयंत्रे या भेदाची दखल घेतात. परंतु असे पुनर्निर्देशन होण्यासाठी प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर त्याचा नवा पत्ता दर्शविणारा तक्ता तयार हवा, आणि जुने क्षेत्रनाम संस्थेच्याच ताब्यात राहिले पाहिजे. क्षेत्रनामाचे वार्षिक शुल्क भरावयाचे राहून गेले, तर सर्व तक्ता निरुपयोगी ठरतो.

संशोधनपत्रिकांच्या बाबतीत डीओआय हा आणखी एक आधार उपलब्ध आहे. यात लेखाला स्थानापासून स्वतंत्र असा ओळखक्रमांक मिळतो आणि त्याचे सध्याचे स्थान नोंदवहीत ठेवले जाते. विद्वत्साहित्यासाठी ही नोंदणी करणारी क्रॉसरेफ ही संस्था २००० मध्ये स्थापन झाली. तथापि ओळखक्रमांक स्वयंसिद्ध नसतो; स्थलांतरानंतर नवे स्थान कळविण्याचे काम प्रकाशकालाच करावे लागते.

४. देवनागरी मजकुराच्या विशेष अडचणी

मराठी संकेतस्थळांच्या स्थलांतरात आणखी काही प्रश्न उद्भवतात. इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेल्या मार्गदर्शिकांत ते आढळत नाहीत.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी पाने विशिष्ट फाँटांत तयार झाली. त्यांत साठविलेली चिन्हे रोमन लिपीची असत आणि फाँट त्यांना देवनागरी आकार देई. असा मजकूर नव्या प्रणालीत तसाच नेला तर अर्थशून्य रोमन अक्षरे दिसतात. त्याचे रूपांतर करावे लागते, आणि ते केवळ चिन्हास चिन्ह ठेवून होत नाही. फाँटात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, म्हणजे दिसते त्या क्रमाने, साठविलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने, येते. रफाराची स्थिती याच्या उलट. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन अपरिहार्य ठरते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठीतील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला आढळतो : स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्तचिन्ह यांनी, किंवा साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या काही आज्ञावल्या अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकतात. तसे झाले की दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ होतात आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेले वेतन ‘आचार्यांना’ पोहोचते. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राला हा प्रमाद दिसत नाही. दोष उरतो तो लेखकाच्या नावावर.

तिसरी अडचण पत्त्यांची. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात त्याची नऊ रोमन चिन्हे होतात. वर्डप्रेसमध्ये शीर्षकावरून तयार होणाऱ्या नामभागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे; म्हणजे सुमारे २२ देवनागरी चिन्हे, काना-मात्रा व हलन्त धरून. ‘महाराष्ट्रातील’ या एकाच शब्दात अशी १४ चिन्हे, म्हणजे १२६ रोमन चिन्हे होतात. ‘महाराष्ट्रातील संतसाहित्य’ हे शीर्षक दिल्यास नामभाग ‘संतसाहित’ येथेच तुटतो. ज्यांचा आरंभ समान आहे अशा दोन लेखांपैकी दुसऱ्याच्या नामभागास क्रमांक जोडला जातो. लेख कोणत्या क्रमाने आत घेतले यावर तो अवलंबून असल्याने जुन्या-नव्या पत्त्यांची जुळणी चुकू शकते. यास्तव नामभाग आपोआप बनू न देता अंक व लेखक्रमांक यांवरून आखून देणे श्रेयस्कर.

५. निर्णयाची पद्धती

नवी प्रणाली निवडताना तिच्यात काय काय करता येते यापेक्षा तीतून साहित्य बाहेर कसे काढता येते, हे आधी पाहावे. ज्या प्रणालीतून मजकूर आणि वर्णनात्मक माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढता येत नाही, ती आज कितीही सोयीची असली तरी उद्याच्या स्थलांतरात अडसर ठरणार. दुसरा विचार कार्याचा. लेखांची आवक, परीक्षण आणि अंकबांधणी ही कामे करावयाची असतील, तर १९९८ मध्ये जॉन विलिन्स्की यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आरंभिलेल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची ओपन जर्नल सिस्टिम्स ही प्रणाली त्यासाठीच बनविलेली आहे; वार्ता आणि माहितीपत्रके यांसाठी वर्डप्रेससारखी सर्वसाधारण प्रणाली पुरते. बंद पडलेल्या नियतकालिकासाठी तिसराही मार्ग आहे : सर्व पाने स्थिर स्वरूपात, त्याच पत्त्यांवर, कोणत्याही प्रणालीविना ठेवणे. त्यांची देखभाल अत्यल्प असते.

यानंतर चाचणी घ्यावी. तीसाठी सोपी पाने न निवडता सर्वांत अवघड पाने निवडावीत : तक्ते, तळटीपा, संस्कृत उद्धृते, जुन्या फाँटातील लेख, दीर्घ शीर्षके. अशी वीस-पंचवीस पाने नव्या प्रणालीत नेऊन मूळ पानांशी शब्दशः ताडून पाहिली की खऱ्या श्रमांचा अंदाज येतो. तो हाती आल्यावाचून खर्चाचे व मुदतीचे आकडे मांडणे व्यर्थ होय. स्थलांतरापूर्वी जुन्या संकेतस्थळाची पूर्ण प्रत अलग ठेवणे आणि नंतरही काही काळ जुनी प्रणाली बंद न करणे, हेही याच पद्धतीचे भाग आहेत.

अखेरीस कर्तव्याचा प्रश्न उरतो. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधाच्या तळटीपेत पत्रिकेतील लेखाचा पत्ता दिला, तेव्हा त्याने त्या पत्रिकेच्या स्थैर्यावर विश्वास ठेवलेला असतो. प्रबंध छापून, बांधून ग्रंथालयात ठेवला जातो. त्यातील पत्ता नंतर दुरुस्त करता येत नाही. पत्रिका हलली आणि मागे मार्ग ठेवला नाही, तर प्रबंधातील विधान निराधार दिसू लागते आणि दोष विद्यार्थ्याकडे येतो. म्हणून जेथे जुने पत्ते चालू ठेवण्याची आणि मजकूर ताडून पाहण्याची तयारी आहे तेथेच स्थलांतराचा निर्णय घ्यावा. ती तयारी नसेल आणि सुरक्षिततेची निकड नसेल, तर आहे तेथेच राहणे हाच अधिक विचारी निर्णय ठरेल.