पिकअपचा जॅक : आधी उंची, मग टन

‘दहा टनी घ्या, काळजीच नको.’ छोट्या पिकअपसाठी जॅक घ्यायला गेलं की हा सल्ला हमखास मिळतो. पण जॅकला अख्खी गाडी उचलायची नसते, एका चाकावरचा भार तेवढा उचलायचा असतो. सुरुवातीच्या टाटा एसचं मालासकट वजन दीड टनाच्या आसपास आहे. गाडी भरलेली असली तरी मागच्या एका चाकावर त्यातलं अर्धा टन, फार तर थोडं जास्त येतं. तिला दोन टनी जॅक पुरतो. बोलेरो पिकअपच्या वजनाच्या गाडीला तीन टनी घ्यावा, कारण माल नेहमी कागदावरच्या आकड्याइतकाच भरलेला असतो असं नाही.

गाडी अडते ती उंचीपायी. एसच्या त्या मॉडेलला १२ इंची रिम होती. टायर पूर्ण बसला की एक्सलचा मध्य जमिनीपासून जेमतेम १८-१९ सेंटीमीटरवर येतो, आणि त्याची खालची बाजू आणखी चार-पाच सेंटीमीटर खाली. बरेच बाटली जॅक मिटलेले असतानाच १८ ते २० सेंटीमीटर उंच असतात. म्हणजे हातात दणकट जॅक आहे, पण तो एक्सलखाली शिरतच नाही! मग लोक तो चेसिसला लावतात. चेसिस उचलली की पाटे सैल होतात, एक्सल खालीच लोंबत राहतो आणि चाक सुटायला कितीतरी जास्त उचलावं लागतं. उंच उचललेली गाडी कलंडण्याचा धोकाही वाढतो. म्हणून जॅकची मिटलेली आणि पूर्ण उघडलेली, दोन्ही मापं पाहूनच पैसे द्यावेत.

‘हायड्रॉलिक म्हणजे भरवशाचा’ हेही अर्धंच खरं. त्याला ताकद कमी लागते, पण सीटखाली महिनोन् महिने आडवा पडला की तेल झिरपतं, हवा शिरते आणि ऐनवेळी तो वर येत नाही. तो उभाच ठेवावा. तेल कमी झालं तर जॅकचंच घालावं, ब्रेक ऑइलने त्याची सीलं खराब होतात. स्क्रूच्या जॅकला घाम गाळावा लागतो खरा, पण आटे स्वच्छ ठेवून ग्रीस लावलं तर तो वर्षांनीही चालतो.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘गिअरमध्ये टाकली की गाडी हलत नाही’. या पिकअपना इंजिनाची ओढ मागच्या चाकांना असते. त्यातलं एक उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेत उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक मोकळं होतं. उतारावर गाडी तिथेच निसटते. हँडब्रेक ओढाच, शिवाय खाली टेकलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. नट गाडी उचलण्याआधीच सैल करा. गाडी जॅकवर असताना कुणीही खाली शिरायचं नाही. काढलेलं चाक किंवा स्टेपनी चेसिसखाली सरकवून ठेवली, तर जॅक घसरला तरी गाडी तिच्यावर टेकते.

पावसाळ्यात साइडपट्टीच्या चिखलात जॅक रुतत जातो, त्यासाठी जाड लाकडी फळी गाडीत हवी. मात्र फळीची जाडी जॅकच्या उंचीत धरायला विसरू नका.

माप घ्यायला संकटाची वाट पाहू नये. पंक्चरवाल्याकडे मागचं चाक काढायचं असेल, तेव्हा आधी हवा पूर्ण सोडायला सांगा आणि एक्सलच्या खालच्या बाजूपासून जमिनीपर्यंत टेप धरा. एक्सल पाट्यांच्या खाली असल्यामुळे गाडी रिकामी असली तरी चालतं. तो आकडा लिहून घेऊनच दुकानात जा.