रोही वाढले म्हणजे रान वाढलं?

"जंगलात जनावर मावेना, म्हणून शिवारात उतरलं." अकोटपासून चांदूर बाजारपर्यंत कोणत्याही पारावर बसा, हरभऱ्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. शेतकऱ्यांकडून ऐकलं, शिक्षकांकडून ऐकलं, आता भाषणांतही ऐकू येतं. पुढचं वाक्यही ठरलेलं: रोही एवढे वाढले, म्हणजे वन्यजीव सुखात आहेत, आता आणखी रान कशाला राखायचं?

तूर-हरभऱ्याचं नुकसान खरं आहे. थंडीत रात्ररात्र जागल करणाऱ्याचे हालही खरे आहेत. पण त्यावरून काढलेला हा निष्कर्ष साफ उलटा आहे.

रोही, म्हणजेच नीलगाय, दाट जंगलाचा प्राणी नाहीच. त्याला हवं मोकळं माळरान, नाल्याकाठची बाभळीची झुडपं, ई-क्लासचं (सरकारी चराईचं) पडीक आणि जवळ कोवळं पीक. अमेरिकेत टेक्सासच्या किंग रँचवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोही नेऊन सोडले. तिथे ना मेळघाट, ना साग. गुरांच्या कुरणांवर आणि झुडपांत त्यांची संख्या हजारोंवर गेली. रोही वाढायला जंगल वाढावं लागत नाही. जंगलाचं झुडूप आणि झुडपाचं शेत झालं तरी त्याचं भागतं.

आता त्याचा सख्खा भाऊबंद पाहा. प्राणिशास्त्रानुसार रोह्याच्या गटात आज दोनच जाती उरल्या आहेत: एक रोही, दुसरा चौसिंगा. रोह्याचा नर दोनशे किलोंच्या वर जातो. चौसिंगा जेमतेम वीस किलोंचा, एकटा-दुकटा राहणारा. त्याला पानगळीच्या रानातलं उंच गवत आणि जवळ पाणी लागतं. धोका दिसला की तो गवतात दबून राहतो. गवत गुरांनी खाल्लं, वणव्यात गेलं, गावची कुत्री आत शिरली की त्याला लपायला जागा उरत नाही. अकोला जिल्ह्यातलं काटेपूर्णा अभयारण्य याच प्राण्यासाठी ओळखलं जातं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत रोही 'चिंता नाही' या वर्गात आहे, तर चौसिंगा 'असुरक्षित' वर्गात. एकाच घरातले दोघे. रान मोडलं की एक पसरतो, दुसरा गुपचूप नाहीसा होतो. पीक खात नाही म्हणून त्याच्या जाण्याची बातमी होत नाही.

हे फक्त वऱ्हाडातच घडतं असं नाही. कॅनडातल्या जंगलात मूज आणि कॅरिबू ही हरणाच्याच कुळातली दोन जनावरं राहतात. लाकडासाठी जंगल तोडलं की तिथे कोवळे धुमारे फुटतात आणि त्यावर मूज वाढतात. मूज वाढले की लांडगे वाढतात, आणि तोडीचे रस्ते त्यांना आतपर्यंत नेतात. बळी जातो कॅरिबूचा. हिवाळ्यात तो दगडफुलावर जगतो, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच जातकुळीतलं. ते जुन्या रानात अनेक दशकांत वाढतं. कॅनडा सरकारच्या २०१२ च्या आराखड्यानुसार कॅरिबूच्या टापूतलं ६५ टक्के रान अबाधित राहिलं, तरी कळप टिकण्याची शक्यता ६० टक्केच. तिथेही मूज मोजून कोणी 'जंगल बरं आहे' म्हणालं असतं, तर ते साफ चुकलं असतं. आपल्याकडे मधला दुवा लांडग्याचा नाही. गुरं, वणवा आणि कुत्री आहेत. धडा मात्र तोच.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

'रोही वनखात्यानं गाड्या भरून आणून सोडले.' सोडावे कशाला लागतात? माळ आणि पडीक हेच त्यांचं मूळ घर.

'नीलगाय म्हणजे गाय.' नाही, तो आशियातला सर्वांत मोठा कुरंग आहे.

'माळावर झाडं लावली की वन्यजीव वाढतात.' काळविटाला मोकळं गवतच लागतं. कारंजा-सोहोळ अभयारण्य त्याच्यासाठीच आहे. तिथे दाट झाडी केली तर त्याचं घर जातं.

'रुळांनी काय होतं? झाडं थोडीच तुटतात.' रूळ आणि रस्ता रानाचे तुकडे करतात. म्हणूनच अकोला–खंडवा रेल्वेमार्ग मेळघाटातून रुंद न करता बाहेरून न्यावा, अशी मागणी राज्य सरकारनं २०२१ मध्ये केंद्राकडे केली होती.

'मोडलेलं रान परत येत नाही.' येतं. मेळघाटातल्या बोरी, कोहा, कुंड या गावांच्या जुन्या शेतांत आज गवत उभं आहे आणि तिथे सांबर, रानगवे चरतात. त्यासाठी कोरकू कुटुंबांनी आपली घरं सोडली, हे विसरता कामा नये.

ई-क्लास आणि गायरान नांगराखाली गेलं, तेव्हा रोह्याचं चरणं शेतात आलं. रानातलं गवत संपलं, तेव्हा चौसिंग्याचा आसरा गेला. शेतकऱ्याचं नुकसान आणि चौसिंग्याचं जाणं यांचं मूळ एकच आहे. म्हणून रान कसं आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर धुऱ्यावरचे रोही मोजू नका. काटेपूर्णाच्या गवतात यंदा चौसिंग्याचं पिल्लू दिसलं का, ते विचारा.