लहान उद्योगाची वाढ आणि इतरांचा हातभार

वसतिगृहात असताना सायंकाळच्या वंदनेनंतर आम्हांस जातककथा सांगितल्या जात. त्यांतील बऱ्याच आता पुसट झाल्या आहेत. मेलेल्या उंदरापासून व्यापार उभारणाऱ्या तरुणाची कथा मात्र पुढे शालेय गणवेश शिवण्याचा व्यवसाय करताना मला वारंवार आठवत राहिली. लहानपणी ती चातुर्याची कथा वाटे. आज मला ती वेगळ्या कारणासाठी मोलाची वाटते. जवळ पैसा नसलेल्या माणसाने इतरांचे साहाय्य कोणत्या क्रमाने मिळवावे, हे ती सांगते.

‘चुल्लसेट्ठि जातक’ हे त्या कथेचे नाव. वाराणसीतील एक श्रेष्ठी रस्त्यात पडलेला मेलेला उंदीर पाहून सहज म्हणतो की, बुद्धी असलेल्या तरुणाला एवढ्यावरही उद्योग उभारता येईल. ते ऐकून एक निर्धन तरुण तो उंदीर उचलतो आणि एका गुत्त्यात मांजरासाठी विकतो. मिळते ते अगदी क्षुद्र नाणे. त्याची तो काकवी विकत घेतो, बरोबर पाण्याची घागर घेतो आणि रानातून फुले तोडून थकून येणाऱ्या माळ्यांना थोडी काकवी व पळीभर पाणी देतो. प्रत्येक माळी त्याला मूठभर फुले देतो. ती विकून दुसऱ्या दिवशी अधिक काकवी घेतली जाते. असे करीत त्याच्याजवळ आठ कार्षापण जमतात.

पुढे एके दिवशी वादळी पावसात राजाच्या उद्यानात फांद्या आणि पालापाचोळा यांचा खच पडतो. तरुण उद्यानपालास म्हणतो, “हे सारे मला द्याल, तर मी उद्यान स्वच्छ करून देतो.” खेळणाऱ्या मुलांना काकवी देऊन तो सर्व लाकूडफाटा दाराशी रचून घेतो. राजाच्या कुंभाराला भट्टीसाठी जळण हवेच असते. त्यातून सोळा कार्षापण आणि काही भांडी मिळतात. मग तो नगरद्वाराजवळ पाण्याचा रांजण ठेवून पाचशे गवतकाप्यांना पाणी देऊ लागतो. “आम्ही तुझ्यासाठी काय करू?” असे ते विचारतात, तेव्हा तो म्हणतो, “वेळ आली की सांगेन.” पुढे खुश्कीच्या मार्गाने व्यापार करणाऱ्या एका मित्राकडून त्याला कळते की, पाचशे घोडे घेऊन एक व्यापारी नगरात येत आहे. तेव्हा तो प्रत्येक गवतकाप्याकडून एक पेंढी मागतो आणि आपले गवत विकले जाईपर्यंत त्यांनी आपले विकू नये, अशी विनंती करतो. त्या गवताचे त्याला एक हजार मिळतात.

गवताचा हा व्यवहार मला पूर्णपणे पटत नाही. घोडेवाल्याची अडवणूक करून मिळवलेला तो भाव आहे. त्यानंतर तो भाड्याच्या रथातून थाटामाटात बंदरावर जातो आणि केवळ अंगठी विसार म्हणून देऊन गलबतभर माल आपल्या नावे करतो. तेही कोणी अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याआधीचा क्रम पाहण्यासारखा आहे. त्याने कोणाकडेही प्रथम मागणी केली नाही. आधी पाणी दिले. पहिली परतफेड मूठभर फुलांची होती, आणि तेवढ्यावर तो संतुष्ट राहिला. एका टप्प्याचे साहाय्य पचल्यावरच त्याने पुढच्या टप्प्याचे घेतले. आणि शेवटी दोन लाख मिळाल्यावर, ज्याच्या एका वाक्यावरून आपण आरंभ केला त्या श्रेष्ठीला त्याने त्यांतील एक लाख नेऊन दिले. श्रेष्ठीने काहीच उसने दिलेले नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे.

हा क्रम केवळ कथेत असतो असे नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटण्यास आरंभ केला. भांडवल होते ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. हाच पुढे ‘लिज्जत’ या नावाने देशभर पोहोचलेला श्री महिला गृह उद्योग. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

या इतिहासात ऐंशी रुपयांहून अधिक मोलाची मदत सल्ल्याची होती. आरंभी उत्तम आणि हलका असे दोन प्रकारचे पापड काढण्याचा भगिनींचा विचार होता. एकच प्रत ठेवा, ती कधीही घसरू देऊ नका आणि हिशेब चोख ठेवा, असे पारेख यांनी त्यांस बजावले. संस्थेनेही देणगी न घेण्याचे ठरवले. घ्यायचे ते कर्ज म्हणून, फेडण्यासाठी. भिजवलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून आणून द्यायचे आणि मजुरी घ्यायची, या साध्या रीतीमुळे जागा व यंत्रे यांवर खर्च न करता काम वाढत गेले. प्रत्येक नव्या भगिनीचे घर हेच कारखान्याचे नवे दालन झाले.

आता थोडे स्वतःविषयी. माझा आरंभ एका शिलाई यंत्रावर झाला, आणि ते यंत्रही ताईचे होते. कापडाच्या ठोक व्यापाऱ्याने प्रथम रोखीशिवाय ताग्याला हात लावू दिला नाही. मला त्याचा राग आला होता. आज वाटते, त्याचे बरोबर होते. तीन हंगाम रोखीने माल घेतल्यावर त्याने पंधरा दिवसांची उधारी दिली, नंतर महिन्याची. ही उधारी म्हणजे बिनव्याजी कर्जच. लहान उद्योगाला बँकेआधी मिळणारे कर्ज बहुधा हेच असते. मात्र ते रकमेवर नव्हे, तारखेवर उभे असते.

ती तारीख एकदा माझ्याकडून चुकली. एका संस्थेची सहाशे गणवेशांची मागणी मी उत्साहाने स्वीकारली. कपडे वेळेवर दिले. पैसे आठ महिन्यांनी आले. तोवर मी व्यापाऱ्याला तोंड चुकवीत होतो. पैसे अडकल्याचे त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितले असते, तर त्याने मुदत वाढवली असती, असे त्याने पुढे स्वतः सांगितले. मी लपवले म्हणून दोन हंगाम उधारी बंद झाली. शिवणाऱ्या भगिनींची मजुरी देण्यासाठी ताईने बचत गटातून कर्ज काढले.

बचत गटाची रचना येथे सांगण्याजोगी आहे. दहा ते वीस जणी दरमहा ठराविक, लहानशी रक्कम साठवतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. काही महिने बैठका, बचत, परतफेड आणि वहीखाते नियमित राहिले की बँक त्या गटाला कर्ज देते. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून ही जोडणी सुरू केली. बँक येथे शेतजमीन किंवा घर तारण मागत नाही. गटाची वही पाहते. ज्यांच्या मागील पिढीकडे जमीन नव्हती, दुकान नव्हते, बाजारात ओळख नव्हती, अशा आपल्या कुटुंबांसाठी ही वही म्हणजे सातबाराच आहे. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेतही पहिल्या ‘शिशू’ टप्प्यात पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. माझा सल्ला असा की, मिळते तेवढे घेऊ नये. पुढील हंगामात फिरवून परत आणता येईल तेवढेच घ्यावे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. सूक्ष्म व लघु उद्योगांसंबंधीच्या २००६ च्या कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने फार तर पंचेचाळीस दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते, आणि दाद मागण्यासाठी राज्यात परिषद नेमलेली असते. ‘उद्यम’ नोंदणी निःशुल्क आहे. मागणी स्वीकारण्यापूर्वी ती करून ठेवावी.

परंतु कायदा गिऱ्हाईक आणून देत नाही. विलायतेतून आणि बडोद्याहून परतल्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. अमेरिकेत आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकलेला एवढा जाणकार सल्लागार त्या काळी शहरात क्वचितच असेल. पेढी बरी चालूही लागली. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. गुणवत्ता होती, कष्टांची तयारी होती. उणीव होती ती पहिल्या मूठभर फुलांची.

म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कोणी नवा व्यवसाय काढल्याचे सांगतो, तेव्हा हारतुऱ्यांपेक्षा त्याला पहिली मागणी द्यावी, असे मला वाटते. मागणी लहान असली तरी चालेल. ओळखीची सवलत मागू नये, मालात दोष असल्यास स्पष्ट सांगावे आणि पैसे ठरल्या तारखेस द्यावेत. आपल्याच माणसाचे देणे ‘घरचेच आहे’ म्हणून सर्वांत शेवटी देण्याची सवय आपल्यात आहे. तिने किती दुकाने बसवली, हे हिशेबाच्या वहीत कोठेच दिसत नाही.

गणवेशाचा हंगाम जुलैअखेर संपतो. त्यानंतर मार्चपर्यंत माझ्याकडील दोन यंत्रे बहुतेक दुपारी रिकामी असतात. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या ज्या मुलामुलींना शिवणकाम शिकून स्वतःचे काम सुरू करावयाचे असेल, त्यांनी यावे. भाडे घेणार नाही. सुई, दोरा आणि कापड मात्र त्यांनी स्वतःचे आणावे.