कुसळ डोळ्यात, औषध दुकानातून!

सुगी आली की आमच्या वस्त्यांत एक दुखणे हमखास येते. ज्वारी काढताना कुसळ उडते, ऊस तोडताना पाचटाची धार थेट बुबुळावरून जाते. बाई पदराने डोळा पुसते आणि पुन्हा कामाला लागते. खाडा पडला तर मजुरी कोण देणार? दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक होतो. मग शेजारीण जिभेने कुसळ काढून देते, नाहीतर औषधाच्या दुकानात जाऊन ‘डोळ्याचे ड्रॉप द्या’ म्हणायचे. दुकानदार डोळ्याकडे न बघताच बाटली पुढे सरकवतो.

त्या बाटलीत काय असते, हे आम्ही कधी विचारले आहे काय? पुष्कळदा त्यात अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्झामेथासोन असते. हे स्टेरॉइड. त्याने लाली उतरते, ठणका थांबतो, गुण आला असे वाटते. पण पानापाचोळ्याबरोबर जखमेत बुरशी शिरली असेल तर हेच औषध डोळ्याची प्रतिकारशक्ती दाबून टाकते आणि बुरशीला रान मोकळे होते. व्रण खोल जातो. भरला तरी पांढरा डाग राहतो. डोळ्यात फूल पडले म्हणतात, ते हेच. (महिनेच्या महिने हे थेंब घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो, तो वेगळाच.) डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकू नये असा कायदा आहे. तो कागदावर आहे!

बुरशीवर औषध नाही असे नव्हे. नॅटामायसिनचे पाच टक्क्यांचे थेंब आहेत. दक्षिण भारतातील रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे जुने औषध नव्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. मात्र सुरुवातीला दर तासा-दोन तासाला थेंब घालावा लागतो आणि उपचार काही आठवडे चालतो. रोजंदारीवरच्या माणसाने एवढे दिवस काढायचे कसे? याचे उत्तर कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. मोतीबिंदूची शिबिरे होतात, पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात. शिबिरे व्हावीतच. पण २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या आतील अंधत्वाचे पहिले कारण बुबुळावरचे फूल निघाले, ३७.५ टक्के. म्हणजे कमावत्या वयातले डोळे जात आहेत, आणि कुसळ लागलेल्या डोळ्यासाठी शिबिराची तारीख थांबत नाही.

तेव्हा बांधवांनो, डोळ्याला पान, कुसळ लागले तर घरातली उरलेली बाटली घालू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. आधी काही घातले असेल तर ती बाटली सोबत न्या. आणि येत्या ग्रामसभेत लेखी विचारा, आपल्या भागातल्या सरकारी दवाखान्यात नॅटामायसिन आहे काय? नसेल तर कधी येणार, तेही लेखीच मागा.