बेटावरील शंख

माणसावर कोणत्याही नियमाचे बंधन उरले नाही, तर तो कसा वागेल? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. म्हणून कादंबरीकार तो कल्पनेतील बेटावर नेतो. विल्यम गोल्डिंग ह्या इंग्रज लेखकाने १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ह्या कादंबरीत हेच केले. गोल्डिंग शिक्षक होते. मुलांचे स्वभाव त्यांनी जवळून पाहिले होते. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. तेव्हा सुशिक्षित माणसे कोणत्या थरास जातात, हेही त्यांना ठाऊक होते.

युद्धकाळात एक विमान कोसळते व काही शाळकरी मुले निर्जन बेटावर अडकतात. बरोबर वडीलधारे कोणी नाही. प्रारंभी मुले शहाण्यासारखी वागतात. राल्फला नायक निवडतात. त्यांना एक शंख सापडतो. ज्याच्या हाती शंख असेल त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे, असा नियम ठरतो. जहाजांना धूर दिसावा म्हणून डोंगरावर अग्नी पेटवून तो पाळीपाळीने राखावयाचा असतो. परंतु जॅक व त्याचे सोबती शिकारीच्या नादात पाळी चुकवितात, अग्नी विझतो, आणि नेमके त्याच वेळी एक जहाज दुरून निघून जाते! पुढे बेटावर हिंस्र पशू असल्याची भीती पसरते. भ्यालेली मुले विचार सोडून जॅकच्या मागे जातात. तोंडाला रंग फासल्यावर तर त्यांना कशाचीच लाज वाटेनाशी होते. अखेर शंख फुटतो, आणि डुकरांची शिकार करणारे हात माणसावर उठतात. पशू रानात नव्हताच. तो मनात होता.

प्रत्यक्षात संकटात सापडलेली माणसे अशीच वागतात काय? २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. चहूकडे पाणी पसरून गाडीचेच बेट झाले. आत सुमारे १,०५० उतारू होते. त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. अन्नपाण्याचे हाल झाले. तरी उतारू डब्यांत थांबून राहिले. आपत्ती प्रतिसाद दल व नौदल ह्यांचे जवान धावले, जवळच्या चामटोलीचे ग्रामस्थही धावले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्वजण सुखरूप बाहेर पडले.

अर्थात हा प्रसंग एका दिवसाचा, आणि मदत येईल ही आशा उतारूंना होती. कादंबरीशी अधिक जुळणारी घटना पॅसिफिक महासागरातील टोंगा देशात घडली. १९६५ साली एका वसतिगृहातील सहा मुले होडी घेऊन निघाली आणि वादळात सापडून ‘आटा’ ह्या निर्जन बेटास लागली. पीटर वॉर्नर ह्या ऑस्ट्रेलियन कप्तानाने १९६६ साली त्यांना शोधून काढीपर्यंत पंधरा महिने लोटले होते. भांडणे त्यांच्यातही होत. पण भांडणाऱ्यांनी बेटाच्या दोन टोकांना जावे, राग निवळला की परत येऊन क्षमा मागावी, असा त्यांचा रिवाज होता. एकाचा पाय मोडला, तेव्हा इतरांनी काठ्या बांधून तो सांधला व त्याचे काम वाटून घेतले. ही मुले मुळातच एकमेकांचे मित्र होती, हे मात्र विसरता येत नाही. गोल्डिंगच्या बेटावर बहुतेक मुले परस्परांना अनोळखी होती. टोंगाच्या मुलांनीही अग्नी पेटविला होता. पाळ्या लावून त्यांनी तो वर्षाहून अधिक काळ एकदाही विझू दिला नाही.