पेठेतला कायदा (लेखांक ९) : पाचशे रुपयांचे दाणे

पुण्यात सार्वजनिक जागी कबुतरांना दाणे टाकताना सापडलात, तर महापालिका पाचशे रुपयांची पावती फाडते. त्याच कबुतराचा पंख कोणी काठीनं मोडला, तर १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड सांगतो. दंडाचे हे आकडे जुने आहेत आणि त्यांना अजून महागाई शिवलेली नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ अधिक कडक आहे. प्राण्याला मारणं, विष घालणं, लुळं करणं यासाठी तिथं पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण ते कलम बसतं आगळिकीच्या प्रकरणात, म्हणजे कोणाचं तरी नुकसान झालेलं दाखवावं लागतं. मोकाट पारव्याचा मालक कोण म्हणून उभा राहणार?

गेल्या लेखांकात भटक्या कुत्र्यांचे नियम पाहिले. कुत्र्यांसाठी २०२३ ची स्वतंत्र नियमावली आहे: पकडायचं कसं, नसबंदी कोणी करायची, परत कुठे सोडायचं, सगळं लिहिलेलं. कबुतरांसाठी अशी नियमावली नाही. तरीही कबुतरांचा बंदोबस्त करणारा कायदा आपल्याकडे आहे. तो चार-पाच ठिकाणी विखुरलेला आहे आणि त्यातला फारच थोडा भाग पक्ष्याला हात लावतो. बाकी सगळा माणसासाठी आहे. माझ्या मते हे बरोबरच आहे, फक्त अपुरं आहे.

बुधवार पेठेत उभं राहून वर पाहिलं की हे अपुरेपण दिसतं. तुळशीबागेच्या मागच्या बोळात, तपकीर गल्लीत, अप्पा बळवंत चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुने वाडे जाऊन तीन-चार मजली इमारती आल्या. वाड्याच्या कौलांत, वाशांच्या खोबणीत चिमण्या राहत. पारवा हा मुळातला कड्याकपारींचा पक्षी. त्याला उतरतं कौल गैरसोयीचं आणि सिमेंटचा सपाट कठडा सोयीचा. दोन इमारतींमधला अंधारा डक्ट, न्हाणीघराच्या खिडकीवरचा छज्जा, बंद दुकानाच्या पाटीमागची फट, एसीच्या बाहेरच्या युनिटमागची वीतभर जागा: आपण त्याला कडेच बांधून दिले.

एखादं घरटं जवळून पाहा. घरटं म्हणायचं म्हणून म्हणायचं. केरसुणीच्या दहा-बारा काड्या, सोललेल्या वायरीचं लाल-पिवळं प्लॅस्टिक, एखादी तार, आणि हे सगळं धरून ठेवणारा विष्ठेचा वाळून टणक झालेला थर. त्यात दोन पांढरी अंडी. साधारण अठरा दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. नर-मादी दोघंही त्यांना आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य भरवतात. महिना-सव्वा महिन्यात पिल्लं उडतात, आणि ती उडायच्या आत मादीनं पुढची दोन अंडी घातलेलीही असू शकतात. खायला मिळत राहिलं तर वर्षातून पाच-सहा वेळा हे चालतं. दाणे टाकणाऱ्याला समोरची भुकेली पाखरं दिसतात. डक्टमधला हा कारखाना त्याच्याच धान्यावर चालतो, ते मात्र त्याला दिसत नाही.

आता पक्ष्याबद्दलचा कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ रचनेत चौथ्या अनुसूचीत कबुतरांचं अख्खं कुळ संरक्षित होतं, एक अपवाद सोडून. तो अपवाद म्हणजे आपला निळा पारवा. त्याच कुळातला हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी झाला आणि हा चुलतभाऊ यादीबाहेर राहिला. गावकावळ्याची अवस्था त्याहून वाईट. तो उंदीर, घुशी आणि फळं खाणाऱ्या वटवाघळांबरोबर पाचव्या अनुसूचीत, म्हणजे ‘उपद्रवी’ प्राण्यांत होता.

ही सगळी मांडणी आता बदलली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्या नव्यानं लिहिल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या. उपद्रवी प्राण्यांची कायमची यादीच निघून गेली. आता एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचं असेल, तर कलम ६२ खाली केंद्र सरकारला ठरावीक प्रदेशासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी अधिसूचना काढावी लागते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला तर असं ठरवताच येत नाही. महापालिका हे करू शकत नाही, सोसायटीचा ठराव तर नाहीच नाही. ‘कबुतराला कायदा लागू नाही’ असं छातीठोक सांगणारे काका प्रत्येक इमारतीत असतात. ते ज्या अपवादाच्या भरवशावर बोलतात, तो ज्या यादीत होता ती यादीच उरलेली नाही. शिवाय या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात संरक्षित पक्ष्याची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही येतं. म्हणून डक्ट साफ करायला माणूस बोलावण्याआधी वनविभागाला विचारून घेतलेलं बरं.

इंग्लंडात हीच तक्रार समुद्रकाठच्या गावांत कुरव पक्ष्यांबद्दल असते. हातातला बटाट्याचा चिप्स पळवणारे, छपरांवर घरटी करून सकाळी चारला ओरडणारे हे पक्षी. (आपल्याकडे कुरव हिवाळी पाहुणे. मुंबईच्या बोटींवर त्यांना हौसेनं फरसाण खिलवतात. घरटी करायला ते आपल्या छपरांवर येत नाहीत, म्हणून लाडके.) तिथल्या १९८१ च्या कायद्यात प्रत्येक रानपक्षी, त्याचं घरटं आणि अंडं संरक्षित आहे, आणि अपवाद परवान्यानं मिळतो. शहरी कबुतरांसाठी सार्वजनिक आरोग्याच्या कारणानं सर्वसाधारण परवाना आहे: अर्ज करावा लागत नाही, अटी मात्र पाळाव्या लागतात. कुरवांच्या बाबतीत हात आखडता आहे, कारण गावात उपद्रवी वाटणारा मोठा कुरव देशभरात घटतो आहे आणि तिथल्या पक्षी-संवर्धनाच्या लाल यादीत आहे. तक्रार किती मोठ्यानं होते यावर परवाना ठरत नाही. पक्ष्यांची संख्या किती आणि दुसरा उपाय करून पाहिला का, हे आधी विचारलं जातं. आपल्या कायद्यात कलम ६२ आहे, पण दुसऱ्या उपायाचा प्रश्न विचारायची अशी रीत नाही.

मारून संख्या कमी होते का, याचं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरानं पैसे खर्चून मिळवलं. १९६१ ते १९८५ या काळात तिथं सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली. शहरातली कबुतरं होती तेवढीच राहिली, कारण मेलेल्यांची जागा आणि दाणे पुढच्या पिढीसाठी मोकळे होत. १९८८ पासून शहरानं मार्ग बदलला. खाऊ घालणं पक्ष्यांच्याच हिताचं नाही, हे फलक, पत्रकं लावून लोकांना पटवून दिलं, आणि थोड्या कबुतरांसाठी देखरेखीखालची खुराडी केली. साधारण चार वर्षांत ज्या थव्यांची मोजणी चालू होती ते चौदाशेवरून सातशेवर आले. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात २००३ मध्ये दाणे टाकायला बंदी आली, व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात २००८ मध्ये. तिन्ही ठिकाणी शेवटी भर दिला गेला तो दाणे टाकणाऱ्या हातावर.

मुंबईत हे इतकं शांतपणे झालं नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं विधान परिषदेत कबुतरखाने बंद करण्याचं जाहीर केलं. मुंबईत ते एक्कावन्न. मुंबई उच्च न्यायालयानं वारसा असलेले कबुतरखाने पाडू नका असं सांगितलं, पण दाणे टाकायला मोकळीक दिली नाही, आणि महिनाअखेरीस बंदी मोडणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. न्याय संहितेची कलमं २७० आणि २७१ चर्चेत आली: पहिलं सार्वजनिक उपद्रवाचं, दुसरं जिवाला धोका असलेला रोग पसरेल अशा हयगयीचं, ज्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. १९३३ पासूनचा दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला. ६ ऑगस्टला जमावानं ती ताडपत्री फाडली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेपाला नकार दिला. पुढे ऑक्टोबरच्या शेवटी महापालिकेनं वरळी, अंधेरी, ऐरोली-मुलुंड नाका आणि बोरिवली अशा चार जागी सकाळी ७ ते ९ या वेळेत दाणे टाकायची तात्पुरती मुभा दिली. वाद धर्माचा की मराठी-अमराठीचा, यावर महिनाभर वाहिन्यांवर रणकंदन झालं. कबुतर दिवसाला तीसेक ग्रॅम धान्यात भागवतं आणि ते त्याला दुसरीकडेही मिळतं, ही गोष्ट त्या गोंगाटात कोणी बोललं नाही.

आरोग्याचा मुद्दा खरा आहे, आणि तो जेवढा आहे तेवढाच सांगायला हवा. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतली आणि पिसांच्या भुकटीतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासात गेली, तर काहींच्या फुप्फुसांत अतिसंवेदनशील न्यूमोनायटिस होतो. फुप्फुस आतून चट्टे पडून आखडत जातं, आणि उशीर झाला तर पूर्ववत होत नाही. मात्र २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फुप्फुसांच्या अशा आजारांच्या देशव्यापी नोंदणीत, जिथं १,०८४ रुग्ण होते आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना हाच आजार होता, त्या आजारी माणसांत सर्वांत जास्त आढळलेला संपर्क होता एअर कूलरशी. बुरशी धरलेला कूलर. पक्षी त्यानंतर. डक्टमधल्या कबुतरांवर आवाज चढवताना खिडकीतल्या कूलरचं गवत कधी बदललं, तेही आठवून पाहावं.

मग बुधवार पेठेतल्या माणसाच्या हातात कायद्याचं काय आहे? शेजारी खिडकीत ताट ठेवून थवे बोलावत असेल, तर दिवाणी न्यायालय आहे. वरळीतल्या एका सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबानं खिडकीबाहेर लोखंडी ट्रे बसवून पक्ष्यांना खाणं सुरू केलं. खालच्या मजल्यावरच्या वृद्ध दांपत्याच्या खिडकीत धान्य, पाणी आणि विष्ठा पडू लागली. दावा २०११ चा. २०२१ मध्ये न्यायालयानं त्या कुटुंबाला कायमची मनाई केली. न्याय मिळाला, दहा वर्षांनी. उपद्रव रस्त्यावरचा, सगळ्यांना होणारा असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी तो हटवण्याचा आदेश देऊ शकतात. ही वाट लोकांना माहीतच नसते, आणि ती दाव्यापेक्षा लवकर पोचते.

खरी अडचण इमारतीची. पेठेत निम्मी भांडणं मालक आणि भाडेकरू यांची. फुटलेलं तावदान, डक्टचं मोडकं दार कोणी दुरुस्त करायचं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ सांगतं की जागा नीट राखणं मालकाचं काम. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं केलं नाही, तर भाडेकरूनं करावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही. पेठेतलं पागडीचं जुनं भाडं ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याच्या चौथ्या हिश्श्यात जाळी सोडा, जाळी लावणाऱ्याचा चहा तरी सुटतो का, हा प्रश्न पडेल. मालक म्हणतो इमारत पाडायचीच आहे, भाडेकरू म्हणतो पाडेपर्यंत आम्ही श्वास घ्यायचा की नाही. मधल्या काळात डक्ट पारव्यांचा.

इथंच महापालिकेचं पाऊल कमी पडतं. दाणे टाकणाऱ्याला पावती देणं सोपं, कारण तो उघड्यावर सापडतो. पुनर्विकासाचा नकाशा मंजूर करताना डक्टला जाळी, छज्ज्याला उतार आणि पाटीमागची फट बंद, एवढ्या तीन अटी घालणं त्याहून अवघड नाही. ज्या पेठेत दर वर्षी वाडे पडून इमारती उठतात, तिथं या अटींचा उपयोग पाचशेच्या हजार पावत्यांपेक्षा जास्त होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत वाचकांनी करायचं ते एवढंच. वाळलेली विष्ठा झाडूनं झाडू नका. पाणी मारून, मास्क लावून खरवडा. जाळी ताणून बसवा. सैल जाळीत पाय अडकून लटकलेलं पाखरू सोडवायला अग्निशमन दलाला यावं लागतं. आणि जाळीच्या आत घरट्यात पिल्लू असेल, तर काम महिनाभर पुढे ढकला. ते उडून गेलं की त्याच दिवशी फट बुजवा, कारण मादी पुढच्या अंड्यांसाठी परत तिथंच येणार.

(पुढील आठवड्यात : गच्चीवरचा मोबाइल टॉवर आणि सोसायटीची संमती)